बॅटरी पंधरा वर्षांची, जबाबदारी कोणाची?

कंपवात आणि त्यासारख्या हालचालींच्या विकारांवर मेंदूत बसविल्या जाणाऱ्या विद्युत-उद्दीपकांच्या क्षेत्रात गेल्या काही वर्षांत लक्षणीय घडामोडी झाल्या आहेत. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मेडट्रॉनिक आणि अ‍ॅबट या दोन कंपन्यांच्या पुनर्भारित होणाऱ्या, म्हणजे घरच्या घरी चार्ज करता येणाऱ्या, नव्या उपकरणांना एकाच महिन्यात मान्यता दिली. त्यातील एकाची बॅटरी किमान पंधरा वर्षे टिकेल असे सांगितले गेले; दुसरे बहुतेक रुग्णांना वर्षातून जेमतेम दहा वेळा चार्ज करावे लागेल, असा त्या कंपनीचा दावा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच प्रशासनाने मेंदूतील लहरी ‘वाचून’ त्यानुसार विजेचे प्रमाण आपोआप कमी-जास्त करणाऱ्या पद्धतीलाही हिरवा कंदील दाखविला. या बातम्यांचे स्वागत झाले आणि ते योग्यही होते. परंतु ज्याच्या छातीत हे उपकरण बसणार आहे, त्याच्या आणि त्याच्या घरच्यांच्या दृष्टीने खरा प्रश्न शस्त्रक्रियागृहाचे दार बंद झाल्यावर सुरू होतो. पंधरा वर्षे हे यंत्र सांभाळायचे कोणी, त्याचा खर्च सोसायचा कोणी, आणि मध्येच काही बिघडले तर उत्तरदायी कोण, याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही.

या उपचाराला वैद्यकीय भाषेत ‘डीप ब्रेन स्टिम्युलेशन’ किंवा थोडक्यात ‘डीबीएस’ म्हणतात. मेंदूच्या गाभ्यात हालचालींचे नियंत्रण करणारी काही लहानशी केंद्रे असतात. त्यांपैकी एखाद्या केंद्रात बारीक तार अत्यंत अचूकपणे बसविली जाते. ती त्वचेखालून मानेतून खाली आणून छातीत, कॉलरबोनच्या खाली बसविलेल्या छोट्या पेटीला जोडतात. ही पेटी सेकंदाला शंभराहून अधिक वेळा विजेचे सूक्ष्म स्पंद मेंदूकडे पाठविते आणि तेथील बिघडलेली लय मोडून काढते. फ्रान्समधील ग्रनोबल येथे अलीम-लुई बेनाबीद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये थरथर थांबविण्यासाठी ही पद्धत प्रथम वापरली. अमेरिकेत १९९७ मध्ये थरथरीसाठी, २००२ मध्ये कंपवाताच्या इतर लक्षणांसाठी आणि २००३ मध्ये, मर्यादित स्वरूपात, स्नायू आपोआप पिळवटले जाण्याच्या ‘डिस्टोनिया’ या विकारासाठी तिला मान्यता मिळाली. बेनाबीद आणि अमेरिकेचे माहलॉन डीलाँग यांना २०१४ मध्ये लास्कर पुरस्काराने गौरविण्यात आले. आज जगभरात दोन लाखांहून अधिक लोकांच्या मेंदूत अशी तार आहे. मुंबई, पुणे, बंगळुरू, दिल्ली, तिरुवनंतपुरम येथील मोठ्या रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया होते.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करायला हवी. या उपचाराने कंपवात बरा होत नाही आणि रोगाची वाटचालही थांबत नाही. थरथर, ताठरपणा, औषधांच्या परिणामातील चढउतार आणि औषधांमुळे होणाऱ्या अनावर हालचाली यांवर त्याचा उत्तम परिणाम होतो. तोल जाणे, बोलणे अस्पष्ट होणे, स्मरणशक्ती क्षीण होणे यांवर तो फारसा होत नाही. ज्याला लेव्होडोपा या औषधाचा गुण येतो, पण तो दिवसभर टिकत नाही, अशा रुग्णाला याचा सर्वाधिक लाभ होतो. अशा रुग्णाला पुन्हा स्वतःच्या हाताने जेवता येणे, शर्टाची बटणे लावता येणे, बँकेच्या धनादेशावर ओळखू येईल अशी सही करता येणे, हे चमत्कारापेक्षा कमी नसते. प्रश्न आहे तो हा चमत्कार ज्या बॅटरीवर चालतो तिचा.

पुन्हा पुन्हा सुरी नको

प्रारंभीच्या काळातील सर्व उपकरणांच्या बॅटऱ्या एकदा संपल्या की संपल्या. साधारण तीन ते पाच वर्षांनी छातीतील पेटी शस्त्रक्रिया करून बदलावी लागे, आणि आजही अशा उपकरणांच्या बाबतीत ती बदलावी लागते. डिस्टोनियाच्या रुग्णांना वीज अधिक लागते. त्यांची बॅटरी कधीकधी दोन-तीन वर्षांतच संपते. पन्नाशीत शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला चार वर्षे टिकणारी बॅटरी मिळाली, तर पासष्टी गाठेपर्यंत त्याला तीन वेळा पुन्हा टेबलावर जावे लागते. मेंदूला हात लावावा लागत नसल्याने ही शस्त्रक्रिया छोटी असते, हे खरे. परंतु जुनी जखम पुन्हा उघडली की जंतुसंसर्गाचा धोका प्रत्येक वेळी नव्याने उभा राहतो, आणि संसर्ग झाला तर संपूर्ण उपकरण काढून टाकण्याची वेळ येऊ शकते. त्यात प्रत्येक वेळी काही लाखांचा खर्च असतो.

२००९ मध्ये अमेरिकेत पहिल्या पुनर्भारित उपकरणाला मान्यता मिळाली, ती या अडचणीवरचा उपाय म्हणून. त्याचे आयुष्य प्रारंभी नऊ वर्षे सांगितले होते. पुढे ते पंधरा वर्षांपर्यंत वाढविण्यात आले. नंतर बोस्टन सायंटिफिक या कंपनीचे उपकरण प्रथम युरोपात आणि डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत आले. २०२० मधील कोरोनाच्या टाळेबंदीने या उपकरणांचे महत्त्व अनपेक्षितपणे अधोरेखित केले. अनेक देशांत तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या, आणि ज्यांच्या बॅटऱ्या संपत आल्या होत्या ते रुग्ण टांगणीला लागले. ज्यांच्या घरी चार्जर होता, त्यांचे त्या बाबतीत काही अडले नाही. भारतात उपचाराचा मोठा भार कुटुंबाच्या खिशावरच पडत असल्याने, पहिल्या वेळी अधिक पैसे मोजून पुढच्या तीन शस्त्रक्रिया वाचविण्याचा हिशेब मध्यमवर्गीय घराला चटकन पटतो.

परंतु या हिशेबात एक रक्कम लिहायची राहून जाते. पूर्वी बॅटरी चालू ठेवण्याची जबाबदारी शल्यविशारदाची होती. चार-पाच वर्षांतून एकदा का होईना, पण त्याची. आता ती दर आठवड्याला घरातील कोणाची तरी आहे. काम नाहीसे झालेले नाही. ते रुग्णालयातून घरात आले आहे.

चार्जिंगचा वार

बहुतेक पुनर्भारित उपकरणे दर आठवड्याला किंवा दहा-पंधरा दिवसांतून एकदा चार्ज करावी लागतात. काही रुग्ण रोज थोडा वेळ चार्ज करणे पसंत करतात. चार्जरची चकती पट्ट्याच्या साहाय्याने छातीवरील पेटीच्या नेमकी वर धरायची, ती जुळली की नाही हे पडद्यावर पाहायचे आणि मग अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत फारसे न हलता बसायचे. चकती जरा सरकली की चार्जिंग थांबते. त्वचेला ऊब जाणवते. मुंबईच्या मे महिन्यात ती नकोशीही होते. निरोगी माणसाला हे मोबाइल चार्ज करण्याइतके सोपे वाटेल. पण ज्याचे हात थरथरतात, बोटे आखडतात, मान एका बाजूला ओढली जाते, त्याच्यासाठी तोच पट्टा खांद्यावरून घेऊन योग्य जागी बसविणे हा एक व्यायामच असतो. त्यामुळे व्यवहारात हे काम बहुधा पत्नीकडे, पतीकडे किंवा सुनेकडे जाते. शनिवारी उपास, तसा रविवारी चार्जिंग, असा वार ठरवून टाकणारी कुटुंबे या बाबतीत अधिक निर्धास्त राहतात. वार चुकला तर काय, हा खरा प्रश्न आहे.

बॅटरी पूर्ण उतरली की उद्दीपन थांबते. थरथर काही मिनिटांतच परत येऊ शकते. ताठरपणा आणि हालचालींतील मंदपणा त्यामागोमाग येतात. ज्यांची औषधे शस्त्रक्रियेनंतर बरीच कमी केली आहेत आणि ज्यांचा रोग मधल्या वर्षांत वाढला आहे, अशा जुन्या रुग्णांची अवस्था उद्दीपन अचानक बंद झाल्यास गंभीर होऊ शकते. शरीर लाकडासारखे होणे, गिळता न येणे, ताप चढणे अशी लक्षणे दिसून रुग्णाला अतिदक्षता विभागात दाखल करावे लागल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. डिस्टोनियाच्या रुग्णांत सर्वांगाचे स्नायू सतत पिळवटले जाण्याची प्राणघातक अवस्था ओढवू शकते. अशा वेळी केवळ औषधांनी गाडी रुळावर येतेच असे नाही. शिवाय काही उपकरणांची बॅटरी वारंवार तळापर्यंत रिकामी झाली, तर ती कायमची निकामी होते आणि मग जी शस्त्रक्रिया टाळण्यासाठी एवढा खटाटोप केला, तीच करावी लागते.

हे घड्याळ विजेच्या तारेला बांधलेले आहे, हेही महाराष्ट्राने विसरून चालणार नाही. ऑगस्ट २०१९ मधील महापुरात कोल्हापूर-सांगलीच्या अनेक भागांत आणि जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीच्या कित्येक गावांत दीर्घकाळ वीज नव्हती. काही तासांच्या भारनियमनाने बिघडत नाही, कारण चार्जरला स्वतःची बॅटरी असते. पण दोन-तीन आठवड्यांचा अंधार हा वेगळा प्रकार आहे. आपत्ती व्यवस्थापनाच्या याद्यांत डायलिसिसचे आणि घरी ऑक्सिजनवर असलेले रुग्ण जसे असावेत, तसेच हेही रुग्ण असायला हवेत. त्यासाठी ते कोठे आहेत हे आधी माहीत असायला हवे. त्याकडे पुढे वळू.

शेक, स्कॅनिंग आणि शेवटचा प्रवास

उपकरण शरीरात असल्याची आठवण घराबाहेरही ठेवावी लागते. सर्वांत मोठा धोका जेथे कोणाला संशयही येत नाही तेथे आहे. पाठ किंवा गुडघा दुखतो म्हणून गल्लीतील फिजिओथेरपी केंद्रात जो विजेच्या लहरींचा शेक दिला जातो, त्यातील डायथर्मी हा प्रकार या रुग्णांना संपूर्ण वर्ज्य आहे. शेकाची ऊर्जा तारेत उतरते आणि तारेच्या टोकाशी मेंदूतील पेशी भाजून निघतात. अशा शेकानंतर रुग्ण दगावल्याच्या घटनांमुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २००२ मध्ये जाहीर इशारा दिला होता. त्यांतील एका रुग्णाला हा शेक दात काढल्यानंतर दिला गेला होता, हे विशेष. कंपवाताच्या रुग्णाला फिजिओथेरपी तर आवश्यकच असते. तेव्हा ओळखपत्र खिशात असणे आणि समोरच्याने ते वाचणे, दोन्ही तितकेच महत्त्वाचे.

एमआरआय जुन्या काळी बहुतांशी निषिद्ध मानला जाई. नव्या उपकरणांत तो ठरावीक अटींसह करता येतो. पण त्या अटी कोणत्या, हे स्कॅनिंग केंद्राला ठाऊक असावे लागते आणि यंत्र आधी त्या स्थितीत आणून ठेवावे लागते. पोहण्याची बाबही अशीच. २०१९ मध्ये झुरिचच्या डॉक्टरांनी अशा नऊ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांना शस्त्रक्रियेनंतर चालणे-फिरणे सुधारूनही पूर्वी उत्तम येणारे पोहणे जमेनासे झाले होते. विहिरीत, नदीत पोहत लहानाचा मोठा झालेला माणूस ‘आता बरे वाटते’ म्हणून एकटाच पाण्यात उतरला, तर प्रसंग जिवावर बेतू शकतो.

आणखी एक विषय आहे, ज्यावर शस्त्रक्रियेच्या आनंदात कोणी बोलत नाही. दहनसंस्काराआधी छातीतील पेटी काढावी लागते, कारण उष्णतेने बॅटरीचा स्फोट होऊ शकतो. हृदयाच्या पेसमेकरसंबंधीही हीच सूचना असते. मृत्यू घरी झाला, रात्री झाला, तर नातेवाइकांना हे आठवत नाही आणि स्मशानात विचारणारे कोणी नसते. डॉक्टरांनी ही गोष्ट घरातील एका जबाबदार व्यक्तीला वेळीच सांगून ठेवणे हे अशुभ नव्हे, उपचाराचाच भाग आहे.

विम्याची अर्धी वाट

पैशाचा प्रश्न अर्थातच सर्वांत टोकदार आहे. भारतात या शस्त्रक्रियेचा एकूण खर्च साधारणपणे दहा लाख रुपयांच्या पुढे जातो. पुनर्भारित उपकरण घेतल्यास तो आणखी वाढतो. विमा नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत ज्या बारा आधुनिक उपचारपद्धती आरोग्य विम्यातून वगळता येणार नाहीत असे बजावले, त्यांत डीप ब्रेन स्टिम्युलेशनचा समावेश आहे. हे मोठेच पाऊल होते. परंतु वगळता येणार नाही याचा अर्थ पूर्ण पैसे मिळतील असा नाही. कंपन्यांना या उपचारांसाठी स्वतंत्र मर्यादा घालण्याची मुभा आहे. २०२० मध्ये सर्व कंपन्यांना सक्तीने विकायला लावलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत ही मर्यादा विमा रकमेच्या निम्मी आहे. म्हणजे पाच लाखांची पॉलिसी असलेल्या माणसाला अडीच लाख. उरलेले घर, सोने किंवा भविष्य निर्वाह निधी.

त्यापुढची गोम अधिक बारीक आहे. विमा रुग्णालयातील भरतीला बांधलेला असतो. चार वर्षांनी पेटी बदलायची तर भरती होते, म्हणून दावा तरी करता येतो. पुनर्भारित उपकरणात मात्र पुढचा खर्च हा चार्जर बिघडणे, पट्टा फाटणे, रुग्णाच्या हातातील नियंत्रक हरवणे, उद्दीपनाची मात्रा जुळवून घेण्यासाठी वारंवार शहरात जाणे असा सुटासुटा आणि रुग्णालयाबाहेरचा असतो. शरीराबाहेर वापरायची उपकरणे बहुतेक पॉलिसींत वगळलेली असतात. ज्या चार्जरशिवाय छातीतील लाखो रुपयांचे यंत्र निरुपयोगी आहे, तो विम्याच्या लेखी एक ‘बाहेरची वस्तू’ ठरतो. तंत्रज्ञानाने शस्त्रक्रियांची संख्या घटविली आणि विमा कंपन्यांचे पुढचे दावेही त्याबरोबर घटले. त्या बचतीतील वाटा रुग्णाला मिळावा, ही मागणी अवाजवी नाही.

कंपनी उरली नाही तर?

पंधरा वर्षे हा काळ माणसाच्या आयुष्यात मोठा आणि कंपन्यांच्या आयुष्यात त्याहून मोठा असतो. अंधांसाठी डोळ्यात बसवायचे उपकरण बनविणारी अमेरिकेतील सेकंड साइट ही कंपनी २०२० च्या सुमारास आर्थिक अडचणीत आली. जगभरातील साडेतीनशेहून अधिक लोकांनी ते उपकरण बसवून घेतले होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तांतून त्यांची व्यथा जगापुढे आली: डोळ्यातील यंत्र तसेच, पण दुरुस्तीला कोणी नाही. वेदनाशमनासाठी मज्जारज्जूला उद्दीपन देणारी उपकरणे बनविणाऱ्या नुव्हेक्ट्रा या कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. कंपवातासाठीची उपकरणे मुख्यतः बलाढ्य कंपन्यांच्या हाती आहेत, हा दिलासा आहे. परंतु बलाढ्य कंपन्याही जुनी मॉडेल्स बंद करतात. एका कंपनीचा चार्जर दुसरीच्या उपकरणाला चालत नाही. ज्या बॅटरीचे आयुष्य पंधरा वर्षे, तिच्या चार्जरचे उत्पादनही तितकी वर्षे चालू राहील याची लेखी हमी ग्राहकाने मागायला हवी आणि सरकारने ती सक्तीची करायला हवी.

रुग्ण कोठे आहेत, हा मघाचा प्रश्न येथे पुन्हा येतो. डेप्यू कंपनीने सदोष ठरलेला खुब्याचा सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून मागे घेतला. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणात पुढाकार घेतला होता. तरीही पुढे केंद्राच्या तज्ज्ञ समितीने शोध घेतला तेव्हा बहुसंख्य रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नाही. त्यानंतर नियम कडक झाले. वैद्यकीय उपकरणांचे स्वतंत्र नियम जानेवारी २०१८ पासून लागू झाले, एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली, आणि उपकरणांमुळे होणाऱ्या अपायांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम तर २०१५ पासूनच आहे. पण अपाय झाल्यावर नोंद होणे वेगळे आणि कोणाच्या शरीरात कोणते उपकरण आहे याची पहिल्या दिवसापासून नोंद असणे वेगळे. दुसऱ्या प्रकारची नोंदवही असेल तर सदोष बॅटरीचा इशाराही पोहोचेल आणि चक्रीवादळानंतर जनित्रही.

निवड कोणाची?

याचा अर्थ पुनर्भारित उपकरण टाळावे असा मुळीच नाही. तरुण रुग्ण, डिस्टोनियाने ग्रासलेली मुले, ज्यांना उद्दीपनासाठी वीज अधिक लागते असे लोक, यांच्यासाठी ते वरदानच आहे. उलट पंचाहत्तरीचे, एकटे राहणारे, विसरभोळेपणाची सुरुवात झालेले गृहस्थ असतील, तर चार-पाच वर्षे विनातक्रार चालणारी साधी बॅटरी त्यांना अधिक सुरक्षित. मुले परदेशी आणि आई-वडील पुण्यात, असे चित्र घराघरांत असताना ‘चार्जिंग कोण करणार’ हा प्रश्न ‘शस्त्रक्रिया कोण करणार’ याच्याइतकाच मोलाचा ठरतो. आज ज्याच्या हाती चार्जर आहे ती पत्नीही पंधरा वर्षांनी पंधरा वर्षांनी थकलेली असेल, हे धरूनच निर्णय व्हायला हवा.

हा निर्णय घेताना विक्री प्रतिनिधीच्या माहितीपत्रकापेक्षा ज्यांच्या घरात असे उपकरण आहे त्यांचा अनुभव अधिक उपयोगी पडतो. मुंबईत २००१ पासून कार्यरत असलेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ यांच्यासारख्या संस्थांत रुग्ण व शुभंकर एकमेकांना भेटतात. शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी अशा एखाद्या कुटुंबाच्या घरी जाऊन एक चार्जिंग प्रत्यक्ष पाहून यावे. रुग्णालयांनीही रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी त्याच्याकडून आणि दोन नातेवाइकांकडून, एक नव्हे दोन, चार्जिंग करून घ्यावे. बॅटरी संपली तर कोणती औषधे द्यायची आणि कोणाला दूरध्वनी करायचा, हे मराठीत लिहून द्यावे.

बाकीचे काम शासनाचे आहे: उपकरणांची नोंदवही, चार्जरच्या उपलब्धतेची पंधरा वर्षांची हमी, विम्यात बाह्य साहित्याचा समावेश, आणि जिल्हा पातळीवरील फिजिओथेरपी व स्कॅनिंग केंद्रांना लेखी सूचना. यांतील एकाही गोष्टीला नवे विज्ञान लागत नाही. मेंदूच्या गाभ्यात एका मिलिमीटरच्या अचूकतेने तार बसविण्याइतके आपण पुढे आलो आहोत. त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाची नोंद ठेवणे त्याहून कठीण असू नये.